विम्यापुरती पाहुणी

ट्रॅम्पोलिन मी नवऱ्याला न विचारता घेतलं. विचारलं असतं तर ते आमच्याकडे आलंच नसतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. मागच्या गल्लीतलं एक अमेरिकन कुटुंब गाव सोडून चाललं होतं आणि त्यांच्या गराज सेलमध्ये मी बागेला पाणी घालायची नळी बघायला गेले होते. नळी राहिली बाजूला. त्यांच्या अंगणात ते काळं, गोल, ताणलेलं प्रकरण उभं होतं. घरमालकीण म्हणाली, चढून तर बघा. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि चढले. कॉलेजात मी खो-खोच्या टीममध्ये होते. लग्न, मूल, बर्फ आणि डिशवॉशर यांत ते पाय कुठे हरवले होते कोण जाणे. पहिल्या उडीत मला कुंपणापलीकडचं अंगण दिसलं, पुढच्या उडीत आमच्या घराचं छप्पर, आणि मग मी इतक्या जोरात हसायला लागले की त्या बाईंचा कुत्रा भुंकायला लागला. उतरल्या उतरल्या मी पैसे दिले आणि नळी घ्यायची विसरले.

संध्याकाळी नवरा ट्रेनने शहरातून परत आला तेव्हा मी आणि आमचा दहा वर्षांचा मुलगा आळीपाळीने उडत होतो. नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्याने आधी वाकून एकेक स्प्रिंग तपासली, मग ब्रीफकेस गवतात ठेवली आणि म्हणाला, "इन्शुरन्सवाल्याला कळवायला हवं."

मला असा संताप आला. "अरे, मी हवेत आहे," मी वरूनच म्हटलं, "आणि तुला इन्शुरन्स सुचतोय."

"तू हवेत आहेस म्हणूनच सुचतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने एजंटला फोन केलाच. घराचा विमा म्हणजे आग, वादळ आणि चोरी, एवढीच माझी समजूत होती. आपल्या आवारात बाहेरच्या कुणाला इजा झाली तर तिची जबाबदारीही घरमालकावर येते आणि त्याच विम्यात तिची सोय असते, हे मला तेव्हा कळलं. ट्रॅम्पोलिन, पोहायचा हौद, अशा पोरांना खेचून आणणाऱ्या वस्तूंना इथल्या कायद्यात 'ॲट्रॅक्टिव्ह न्यूसन्स' म्हणतात, असं एजंटने सांगितलं. आकर्षक उपद्रव. हा शब्द आम्हाला इतका आवडला की आठवडाभर आम्ही दोघं आमच्या मुलाला त्याच नावाने हाक मारत होतो. एजंटने सांगितलं म्हणून नवऱ्याने कुंपणाला कुलपाचं फाटक बसवलं आणि घरात नियम जाहीर केला: एका वेळी एकानेच उडायचं.

त्या उन्हाळ्याचं काय सांगू. शनिवारी आमच्याकडे मराठी मंडळी जमायची. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं, कुणी मुंबईचं. आधी जेवण आणि मग गप्पा असा रिवाज होता. तो मोडला. आल्या आल्या सगळे मागच्या अंगणात. काकू मंडळी साडीचा ओचा खोचून चढायच्या आणि उतरताना एकमेकींना धरून हसत बसायच्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक काका टाय न सोडता उडले. टाय प्रत्येक उडीला त्यांच्या तोंडावर आपटत होता. खाली उतरून घाम पुसत म्हणाले, "यार, हे ऑफिसात पाहिजे." बटाटेवडे थंड व्हायचे आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

पण त्या ट्रॅम्पोलिनची खरी मालकीण होती एक आठ वर्षांची मुलगी. माझ्या नागपूरकर मैत्रिणीची एकुलती एक. दोन रस्ते सोडून एका अपार्टमेंटमध्ये ती आणि तिची आई राहायच्या. आई भारतात डॉक्टर झालेली, इथे प्रॅक्टिस करायची तर परत परीक्षा द्यायला हव्यात म्हणून दिवसभर अभ्यासात. बाबांची फॅक्टरी बंद पडली होती. ते टेक्सासला नवीन नोकरीवर रुजू झाले होते आणि आईची परीक्षा झाली की या दोघी तिकडे जाणार होत्या. तोवर शाळा सुटली की ही माझ्या मुलाबरोबर आमच्याकडे. मागच्या दाराने घुसायची, दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि "मावशी, आय ॲम हंग्री" म्हणत खाणं हातात घेऊनच अंगणात. मला मुलगी नाही. ती घरात शिरली की मला जो आनंद व्हायचा तो मी कधी लपवला नाही. आईची परीक्षा जवळ आली की रात्रीही ती कधीमधी राहायची, म्हणून मुलाच्या खोलीसमोरच्या छोट्या खोलीत मी तिच्यासाठी पलंग घातला होता.

शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका दुपारी नियम मोडला. ती उडत असताना माझा मुलगाही चढला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि खरं सांगायचं तर दोघं इतकी खिदळत होती की मला खाली उतरा म्हणवेना. मुलगा अंगाने भारी. तो धपकन खाली आला त्याच क्षणी ही वर निघाली होती. त्या धक्क्याने ती आम्ही कधी पाहिलं नव्हतं इतकी उंच गेली. वर असताना हसतच होती. पडली ती लोखंडी कडेवर, कोपरावर.

हॉस्पिटलात हात बसवला, प्लास्टर घातलं. पुढच्या तपासणीला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरने फोटो दिव्यासमोर धरला आणि सांगितलं की कोपर वाकडं जुळतंय. लवकर ऑपरेशन केलं तर नीट होईल. नाही केलं तर हा हात पुन्हा कधी सरळ होणार नाही. माझी मैत्रीण स्वतः डॉक्टर. तिला ते फोटो बघताच पटलं. तिच्या नवऱ्याच्या जुन्या नोकरीचा आरोग्यविमा संपला होता. नव्या नोकरीचा अजून सुरू व्हायचा होता, आणि आधीच्या दुखापतीला तो हात लावणार नव्हता. इतकं मोठं ऑपरेशन त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं आणि आमच्याही. उरला आमचा घराचा विमा.

नवऱ्याने कंपनीला कळवलं. ॲडजस्टर, म्हणजे अपघात कसा झाला आणि कंपनीने द्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस, घरी येणार असं ठरलं. नवऱ्याला त्या दिवशी साइटवर जावं लागणार होतं. जाताना दारातून तो मला म्हणाला, "विचारेल तेवढंच सांग."

विचारेल तेवढंच सांगणं मला जन्मात जमलेलं नाही. शिवाय तो माणूस कशाला येतोय हे मी माझ्या डोक्याने पक्कं ठरवलं होतं. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरी पोराचा हात मोडला की पहिलं वाक्य येतं, 'यांचं लक्ष नव्हतं.' तेव्हा हा आमचं लक्ष होतं की नव्हतं ते बघायला येतोय. आम्ही या मुलीचं किती करतो हे त्याला दिसलं की काम फत्ते. मी सकाळपासून घर घासलं. चिवडा काढून ठेवला. मला सभेत भाषण करायचं असल्यासारखं स्फुरण चढलं होतं.

तो आला. उंच, थकलेल्या चेहऱ्याचा, तपकिरी सूटमधला, अतिशय सभ्य माणूस. चहाला त्याने नको म्हटलं नाही. मग वही उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "ही मुलगी त्या दिवशी तुमच्याकडे पाहुणी म्हणून आली होती?"

पाहुणी म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. पाहुणी म्हणजे जिला चांगल्या कपातून चहा द्यायचा, जिच्यासमोर भांडायचं नाही आणि जी गेली की हुश्श करायचं. "मुळीच नाही," मी म्हटलं. "या घरात तिला कुणी पाहुणी म्हणत नाही. ती घरची आहे." आणि ते माझ्या इंग्रजीत त्याला नीट समजेल की नाही या शंकेने मी त्याला उठवलंच. तिची खोली दाखवली. पलंग, पलंगावरची तिने निवडलेली चादर, बाथरूममधला तिचा टूथब्रश. दाराच्या चौकटीवर माझ्या मुलाच्या उंचीच्या खुणांशेजारी तिच्याही खुणा होत्या, त्या दाखवल्या. तिच्यासाठी आमटी कमी तिखट करून वेगळी काढते, तिचा गृहपाठ मी घेते, तिला ताप आला की रात्रभर जागते, सगळं सांगितलं. तो माझ्यामागून चालत लिहीत होता. त्याचं पेन जितकं पळत होतं तितकी मी रंगात येत होते. आता हा माणूस खिशातून चेक काढतो की काय, इथवर माझी मजल गेली होती.

तो जिन्याजवळ थांबला आणि त्याने पेन खिशात ठेवलं. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "आता पुढचं सांगू नका. तुमच्या मुलाचा हात मोडला असता तर तुम्ही स्वतःवरच दावा लावला असता का?"

"नाही," मी म्हटलं.

"विम्याचा हा भाग बाहेरच्यांसाठी असतो. जे मूल तुमच्या घरात राहतं आणि ज्याचा सांभाळ तुम्ही करता, ते कंपनीच्या हिशेबी तुमच्यातलंच. त्याच्या दुखापतीला यातून काही मिळत नाही. तुम्ही मला गेला अर्धा तास हेच पटवून देताय की ही मुलगी तुमच्यातलीच आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चिवड्याची बशी हातात तशीच राहिली. जाताना तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो, मुलीला आणि तिच्या आईला बोलवा, आणि ती नक्की कुठे राहते ते सगळ्यांनी मला खरं खरं सांगा.

नवरा घरी आल्यावर मी त्याच्यासमोर रडले. तो रागावला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खुर्ची ओढून समोर बसला. "ती रोज झोपते कुठे?"

"तिच्या घरी."

"कपडे कुठे असतात? शाळेत पत्ता कुठला दिलाय?"

"तिच्या घरचा. म्हणून काय झालं?"

"म्हणून ती आपल्याकडे येणारी मुलगी आहे. खोटं बोलायचंच नाहीये. जे आहे ते सांगायचं. आणि दोघं एकदम उडत होती, आपण थांबवलं नाही, ही चूक आपली, हेही सांगायचं."

म्हणजे आम्ही निष्काळजी आणि आम्ही तिचे कुणी नव्हेत, ही दोन्ही वाक्यं आमच्याच तोंडून निघाली तर तिचा हात सरळ होणार होता. पण हात सरळ व्हायला हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

शंका होती तिच्या आईच्या मनात. दावा कागदोपत्री तिने आमच्यावर लावायचा, हे ऐकल्यावर ती आमच्या स्वयंपाकघरात ताठ उभी राहिली. "ताई, तुमच्यावर केस करू मी? वर्षभर माझी पोरगी तुमच्या ताटात जेवली. मी दागिने विकेन, पण हे नाही करणार."

"अगं, केस नाही, क्लेम आहे," नवरा म्हणाला. "पैसे कंपनी देणार. त्यासाठीच आपण दरवर्षी त्यांना भरतो."

"भाऊजी, शब्द काहीही असू द्या. उद्या मंडळीत कळलं की हिने ताईंवर दावा लावला, तर मी हिला परत या घरात कुठल्या तोंडाने पाठवू?"

माझा पारा चढला. मी हातातला झारा ओट्यावर आपटला. "हे बघ, पोरीचा हात वाकडा राहिला तर तू मला तोंड दाखवू नकोस. लाव माझ्यावर दावा. नाही लावलास तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

मग तिला हसू फुटलं, मग मला, आणि मग आम्ही दोघी ओट्याला टेकून रडलो. नवरा मध्ये हात घालून गॅस बंद करत म्हणाला, "कांदा जळला."

ॲडजस्टर दुसऱ्यांदा आला तेव्हा आम्ही सगळे दिवाणखान्यात ओळीने बसलो होतो. मुलीला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की ते काका विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं, मग तुझा हात बरा होईल. नवऱ्याने अपघात जसा घडला तसा सांगितला. मी ठरवल्याप्रमाणे गप्प होते. हाताची घडी घालून, ओठ मिटून. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुलगी मला म्हणाली, "मावशी, कॅन आय हॅव वॉटर?"

त्याने वहीतून मान वर केली. "मावशी म्हणजे काय?"

माझी मैत्रीण परीक्षेच्या तंद्रीत असायची. विचारलेल्या शब्दाचा अर्थ तिने घडाघडा सांगून टाकला. "मदर्स सिस्टर."

पेन थांबलं. "तुम्ही दोघी बहिणी आहात? हे आधी सांगितलं नाहीत."

दुकानात, शाळेत, देवळात, जिथे कुणी विचारलं तिथे आम्ही 'सिस्टर्स' असंच सांगत आलो होतो. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि तिचीही. नवऱ्याने घसा खाकरला. त्याच्याआधी मुलगी बोलली, शांतपणे, इंग्रजीत. "नो. मावशी म्हणजे जी बाई तुमची खरी आंट नसते, तिला तसं म्हणतात. माझ्या खऱ्या आंट्स नागपूरला आहेत. मी मॉमबरोबर अपार्टमेंटमध्ये राहते. इथे मी गेस्ट आहे."

तिला हे कुणी पढवलं नव्हतं. एकेक शब्द खरा होता, आणि प्रत्येक शब्दाला मला काळजात कळ येत होती. ॲडजस्टरने ते सगळं सावकाश लिहून घेतलं, वही मिटली आणि जाताना माझा हात हातात घेऊन जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

कंपनीने होकार दिला. तो फोन आला तेव्हा मी रिसीव्हर टाकून घरभर धावले. शेजारणीला मिठी मारली, पोस्टमनलाही मारणार होते. त्यांची एक अट होती: पुढच्या वर्षीचा विमा हवा असेल तर ट्रॅम्पोलिन काढा. त्याच शनिवारी टायवाले काका आणि नवरा यांनी ते खोललं. काका फारच हळहळले. मला अजिबात वाईट वाटलं नाही. ऑपरेशनची तारीख ठरली होती, बाकी काही मला दिसतच नव्हतं.

ऑपरेशन उत्तम झालं. आणि त्यानंतर मुलगी आमच्याकडे पुढच्या दाराने यायला लागली.

घंटा वाजवायची. मी दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभी. बूट काढून भिंतीशी जुळवून ठेवायची. सोफ्याच्या कडेला बसायची. खायला दिलं की "थँक यू", संपलं की "थँक यू", आणि निघताना "थँक यू फॉर हॅविंग मी". पाणी प्यायचं तरी विचारून. शनिवारी कौतुक व्हायचं, किती वळण लागलंय म्हणून. मला मात्र ते वळण बोचायचं. त्या पलंगावर ती पुन्हा झोपली नाही. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, घरी तर नेहमीसारखीच हुंदडते. मी समजून चुकले. वाक्य एकदा बोललं गेलं होतं, ते तिने मनावर घेतलं होतं. "कंपनीने हात दिला आणि मुलगी नेली," मी नवऱ्याला म्हटलं.

शेवटचं प्लास्टर निघायचं होतं त्या दिवशी नेमकी तिच्या आईची परीक्षा. मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरने सांगितलं, हळूहळू लांब कर. तिने ओठ दाताखाली धरला आणि हात लांब केला. किती बारीक झाला होता तो. थरथरत होता, पण सरळ झाला, अगदी सरळ. मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरून नर्स आत आली.

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "मावशी, इन्शुरन्सच्या लोकांचं झालं? सगळं पे करून झालं?"

"हो. आजचं शेवटचं होतं."

"आता ते परत नाही घेऊ शकत?"

"नाही गं. का?"

"बिकॉज इफ दे सॉ मी," ती म्हणाली, आणि मग मराठीत, अडखळत, "त्यांनी बघितलं असतं ना, की मी गेस्टसारखी नाही वागत, तर हात नसता केला."

मागची गाडी हॉर्न देत होती. मला सिग्नल दिसत नव्हता. इतके दिवस ही आठ वर्षांची पोर आमच्याकडे पाहुणी म्हणून बसून होती, कुठून तरी तो तपकिरी सूटवाला बघत असेल म्हणून, आणि मी मनातल्या मनात तिच्यावर रुसले होते. कशी घरापर्यंत गाडी आणली, मला आठवत नाही.

मी कुलूप उघडलं तशी ती माझ्या काखेखालून आत घुसली. मागोमाग मी स्वयंपाकघरात गेले तर बुटांसकट फ्रिजपुढे उभी, त्याच हाताने दार सताड उघडं धरून. "मावशी, दूधच नाहीये. तू आणलं का नाही?"

"आधी बूट काढ," मी तिच्यावर ओरडले, "आणि ते दार लाव, सगळा गारवा जातोय." कितीतरी दिवसांनी मी तिच्यावर अशी मनापासून ओरडत होते.